स्वस्त म्हणून खपतात म्हणे!

अमेरिकेत गाडी घ्यायची म्हटली की आपल्या देशी मंडळींचा सल्ला ठरलेला असतो. "कॅमरी घे, नाहीतर अकॉर्ड. डोळे मिटून घे." ह्युंदाई किंवा किआचं नाव काढलं की समोरचा 'पगार कमी आहे का रे?' अशा नजरेने बघतो. का बाबा? तर म्हणे, "कोरियन गाड्या काय, स्वस्त म्हणून खपतात."

हे ऐकून ऐकून कान किटले. मुळात हे खोटं आहे, आणि पुरावा ह्युंदाईच्याच इतिहासात आहे.

१९८६ साली ह्युंदाईने अमेरिकेत 'एक्सेल' आणली. किंमत ४,९९५ डॉलर! पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांवर गाड्या गेल्या. मग त्या बिघडायला लागल्या, टीव्हीवरच्या विनोदवीरांना विषय मिळाला आणि १९९८ पर्यंत कंपनीची तिथली वर्षाची विक्री लाखाच्याही खाली आली. गाडी तेव्हाही स्वस्तच होती की! स्वस्ताईवर विश्वास मिळत असता, तर तो तेव्हाच मिळाला असता.

फरक पडला तो वॉरंटीने. १९९८ च्या अखेरीस कंपनीने इंजिन-गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैल अशी हमी जाहीर केली. लोक याला जाहिरातबाजी म्हणतात. मला ते पटत नाही. अशी हमी दिली की खराब इंजिनाचं बिल गिऱ्हाईकाकडून कारखान्याकडे सरकतं. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनमधला बग रात्री दोनला उठून स्वतःच निस्तरायचा असला, की माणूस टेस्टिंग नीट करतो. तसंच हे. २००४ च्या जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीने दुसरी आली.

आता कोरियन गाड्यांच्या भक्तांनी फार खूश होऊ नये. ती पाहणी पहिल्या ९० दिवसांची असते. पुढे थीटा इंजिनांसाठी २०१५ आणि २०१७ मध्ये मोठे रिकॉल झाले. ते वेळेत केले नाहीत म्हणून २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरचा दंड बसला.

पण सगळ्यात संतापजनक प्रकार इमोबिलायझरचा. खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी ही साधी चिप. अमेरिकेत २०१५ च्या मॉडेल्समध्ये बाकीच्या कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत ती होती, ह्युंदाई-किआच्या फक्त २६ टक्के गाड्यांत. कॅनडात २००७ पासून कायद्याने सक्तीची, म्हणून तिथे मुकाट्याने बसवली. अमेरिकेत सक्ती नव्हती, म्हणून वाचवली. २०२२ मध्ये चोरीचे व्हिडिओ पसरले, पोरं यूएसबीच्या टोकाने गाड्या पळवू लागली, आणि २०२३ मध्ये काही शहरांत विमा कंपन्यांनी या गाड्यांचा नवा विमा नाकारला. गाडी ज्याची गेली त्याने काय पाप केलं होतं?

२०२२ ते २०२५ सलग चार वर्षं 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' या दोन कंपन्यांनाच मिळाला. अभिनंदन! पण पुरस्काराने पत येत नाही. बिघडल्यावर बिल कोण भरतो, यावर ती ठरते.

तेव्हा गाडी जपानी की कोरियन हे विचारणं सोडा. हमीचा कागद वाचा. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा. ती दहा वर्षं पहिल्या मालकासाठी असतात, पुढच्याला ५ वर्षं किंवा ६० हजार मैलच मिळतात. आणि हो, डोळे मिटून काहीच घेऊ नका. कॅमरीसुद्धा!