चिडिया टापूचा कडा आणि पाच वाजताचा सूर्यास्त

अंदमानला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत सेल्युलर जेल सगळ्यात वर असतं, आणि ते योग्यच आहे. पण एक दुपार मोकळी असेल तर पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून साधारण २५ किलोमीटरवर असलेल्या चिडिया टापूला जा आणि मुंडा पहाड चढा.

पायवाट किनाऱ्यावरूनच सुरू होते. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण झाडी दाट आणि मुळं पायात येणारी. पाऊस पडून गेला असेल तर माती निसरडी होते, म्हणून चपला नकोत, बूटच हवेत. चढून गेलं की झाडी एकदम संपते आणि समोर कडा. खाली निवांत उपसागर, पलीकडे रटलँड बेट. आम्ही गेलो तेव्हा वर आमच्याशिवाय कोणीच नव्हतं.

आम्ही डिसेंबरात बडोद्याहून गेलो होतो. आई बरोबर होती. चढताना ठीक, पण उतरताना तिचे गुडघे बोलतात. पावणेचारला भाचा हट्टाला पेटला, "मामा, सूर्यास्त इथूनच बघू या ना!" खाली चौकीवरच्या माणसाने मात्र बजावलं होतं, "चार बजे उतरना शुरू कर देना."

त्याचं कारण साधं आहे. देशभर घड्याळ एकच, पण अंदमान बडोद्याच्या बरंच पूर्वेला. डिसेंबरअखेर बडोद्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथे पाचलाच. जंगलात तर अंधार त्याहून लवकर दाटतो. भाच्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ फुगून बसला, मग उठला आणि उतरताना आजीचा हात त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. चढायला लागला त्याच्या दीडपट वेळ उतरायला लागला.

सूर्यास्त चुकला नाहीच. तो किनाऱ्यावरून दिसला. तिथे वाळूत वाळलेल्या झाडांचे मोठमोठे बुंधे आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली, उत्तरेकडची वर उचलली गेली. खचलेल्या किनाऱ्यावर खारं पाणी आत शिरलं आणि काठची झाडं उभ्या उभ्या वाळली. भाच्याने सगळ्यात जास्त फोटो कड्याचे नाही, या बुंध्यांचे काढले.

तुम्ही जाल तेव्हा दुपारी दोनच्या आत चढायला लागा. पाणी आणि टॉर्च बरोबर ठेवा. फोटोसाठी कड्याच्या टोकाशी जाऊ नका. खाली मगरींच्या सूचनेचा फलक असेल तिथे पाण्यात पाऊलही टाकू नका. आणि बरोबर कोणी वयस्कर असेल, तर परतीची वेळ त्यांच्या चालीने ठरवा.