गादीवरचे गणित

टोमॅटोचा हंगाम भरात आला की नारायणगावच्या उपबाजारात क्रेटने भरलेल्या गाड्यांची रांग लागते. त्याच सुमारास बारावीचे निकाल लागतात, सीईटीचे गुण हाती येतात आणि प्रवेशाचा पर्याय अर्ज भरण्याची घाई सुरू होते. येथील एका आडत्याच्या घरी यंदा या दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. नातीने औद्योगिक अभियांत्रिकीचे नाव काढले. अभियांत्रिकीच करायची तर संगणकाची करावी, असे वडिलांचे म्हणणे. आजोबांना मात्र मूळ बेतच पटेना. व्यापार गादीवर बसूनच कळतो, असे सांगून त्यांनी शेठ वालचंद हिराचंद यांचा दाखला दिला.

दाखला खोटा नव्हे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात 1882 साली जन्मलेले वालचंद पदवी पूर्ण न करताच व्यवसायात उतरले. परंतु वडिलोपार्जित पेढीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागी करून त्यांनी रेल्वेची बांधकामे घेतली. पुढे साखर, जहाजे, मोटारी आणि 1940 साली बंगळूरचा विमान कारखाना असा त्यांचा पसारा वाढला. जे ज्ञान आपल्यापाशी नाही ते ज्याच्यापाशी आहे त्याला सोबत घ्यावे, ही त्यांची रीत होती. सांगलीच्या 1947 सालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले, हे आजोबांच्या दाखल्यात सहसा येत नाही.

या शाखेत शिकवतात तरी काय? बाजाराच्या आवारातच पाहावे. समजा, तासाला 30 गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी दोन तास आत थांबते. मग कोणत्याही क्षणी सरासरी 60 गाड्या आवारात उभ्या असणार. थांबण्याचा वेळ दीड तासावर आणला तर 45च उरतील; जागा गुंठाभरही वाढवावी लागणार नाही. माल एका वेळी किती मागवावा म्हणजे मागवणे आणि साठवणे यांचा एकत्रित खर्च किमान होईल, याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 साली मांडले. भुसार दुकानदार तेच अंदाजाने करीत असतो, आणि पुष्कळदा बरोबर करतो. एक दुकान असेपर्यंत अंदाज पुरतो. मंचर, ओतूर आणि जुन्नर अशा तीन ठिकाणी गोदामे झाली की तो डगमगू लागतो.

अडचणीही आहेत. या नावाची स्वतंत्र पदवी थोड्याच महाविद्यालयांत मिळते. कोठे ती उत्पादन अभियांत्रिकीच्या नावाने असते. मुंबईत 1963 साली स्थापन झालेली ‘नीटी’ ही या विषयाची नामांकित संस्था 2023 साली आयआयएम मुंबई झाली. तिची ओळख पदव्युत्तर शिक्षणासाठीच राहिली. तेव्हा नावासाठी दुबळे महाविद्यालय पत्करण्यापेक्षा चांगल्या ठिकाणी यंत्र अभियांत्रिकी घेऊन पुढे या विषयाकडे वळणे शहाणपणाचे. केवळ गर्दी तिकडे जाते म्हणून संगणक शाखा घेणे हा मात्र सर्वांत कच्चा हिशेब. अभ्यासक्रमात संख्याशास्त्र भरपूर असते आणि पहिली नोकरी बहुधा चाकणसारख्या ठिकाणी, पाळीने, कामगारांच्या शेजारी उभे राहून करावी लागते. मुलीला हे रुचेल का, हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता.

तो तिने स्वतःलाच विचारला. दोन दिवस आवारात उभी राहून तिने गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा कच्च्या वहीत टिपल्या. लिलावाला लागणारा वेळ थोडाच निघाला. सौदा झाल्यावर हमाल मोकळे होईपर्यंत गाड्या अधिक खोळंबत होत्या. आजोबांनी चष्मा लावून वही दोनदा पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हमालांच्या मुकादमाला पेढीवर बोलावले आणि नातीला शेजारी बसवून घेतले. पर्याय अर्जाला अजून चार दिवस होते.