गोळी गावात मिळाली, तर माणूस घरात राहील

मध्य प्रदेशातल्या खातेगावात कुणाची झोप उडाली, भास व्हायला लागले, की आधी ताईत-दोरे. मग इंदूरच्या बाणगंगेतलं मनोरुग्णालय. कन्नोदमार्गे बसने सुमारे सव्वाशे किलोमीटर. रुग्णाचा रोजगार बुडतो, सोबत जाणाऱ्याचाही. मग डबीत चार गोळ्या उरल्या, तरी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ होतं आणि आजार पुन्हा उसळतो. उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचे, हे १९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातच ठरलं होतं; २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर लांबची पायपीट न घडणं हा रुग्णाचा हक्कच केला. शेजारच्या सिहोर जिल्ह्यात ‘प्राइम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पाने सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘मन-कक्ष’ थाटून वाट दाखवली: समुपदेशक तिथेच, औषध तिथेच. मोठ्या रुग्णालयाला टाळं ठोका, असं कुणी म्हणत नाही. पण तिथली खाट कमी करून तो भार घरच्या बाईच्या डोक्यावर टाकला, तर ती सुधारणा नव्हे, हात झटकणं. ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, पण फोनमधून गोळी येत नाही. म्हणून पुढच्या वेळी तापाचं औषध घ्यायला आरोग्य केंद्रात जाल, तेव्हा मनाच्या आजाराचंही औषध आहे का, एवढं खिडकीवर विचारून या.