मनाची धडधड आणि भांगेचे तेल



गेल्या महिन्यात आमच्या मोठ्या जाऊबाई नाशिकहून इथे ओझरला चार दिवस राहायला आल्या होत्या. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठले, तर बाई छातीवर हात ठेवून नुसत्या बसलेल्या. "काही नाही गं, झोप येत नाही. उगीचच धडधडतं," म्हणाल्या. हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींच्या ओळखीचे असेल!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा अमेरिकेहून फोन. "काकू, येताना आईसाठी सीबीडीचं तेल आणतो. इथे खूपजण घेतात. तीन प्रकार मिळतात, कोणता आणू?"

आता मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावणे जमत नाही. म्हणून वाचले, डॉक्टरांना विचारले, ते तुम्हालाही सांगते.

सीबीडी हे भांग-गांजाच्या झाडातलेच एक द्रव्य. नशा चढते ती त्याच झाडातल्या टीएचसी नावाच्या दुसऱ्या द्रव्याने. सीबीडीने झिंग येत नाही. आता ते तीन प्रकार. 'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे आपल्या गुळासारखे, झाडातले सगळे थोडेथोडे उतरलेले. त्यात किंचित टीएचसीही आले. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे त्यातले टीएचसी काढून टाकलेले. आणि 'आयसोलेट' म्हणजे पांढऱ्या साखरेसारखे, निव्वळ सीबीडी. विकणारे गुळाचे गोडवे गातात. पण मनाच्या काळजीवर अमुकच प्रकार सरस, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे भांगेच्या बियांचे तेलही मिळते. बियांना २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून परवानगी आहे, पण त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच. ते काळजीवरचे औषध म्हणून घेऊ नका.

मग गुण येतो का? २०११ साली ब्राझीलमध्ये चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या २४ जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना भाषणाआधी ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिले, तर त्यांची भीती खरोखरच कमी झाली. छान! पण पुतण्याला बाटलीवरचे वाचायला सांगितले, तर अख्ख्या बाटलीत मिळून ६००. म्हणजे प्रयोगातला एक डोस म्हणजे इथली सबंध बाटली! दहा थेंबांनी काय होणार, तुम्हीच हिशेब करा.

बरे, लेबलावर तरी विसंबावे? २०१७ साली अमेरिकेत अशी ८४ उत्पादने तपासली, त्यांपैकी २६ मध्येच लिहिल्याइतके सीबीडी निघाले आणि १८ मध्ये टीएचसीही सापडले. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा-चरसवर बंदी आहे. परदेशातून आणलेल्या बाटलीत टीएचसी निघाले, तर मुलगा विमानतळावरच अडकायचा. इथे आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात, तिची औषधे मिळतात. पण तीही वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. जाऊबाईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ राहण्यासाठी त्या रोज वॉरफरिनची गोळी घेतात. डॉक्टर म्हणाले, "सीबीडीमुळे ही गोळी शरीरात नेहमीच्या वेगाने संपत नाही. रक्तात तिचं प्रमाण वाढतं आणि रक्तस्राव होऊ शकतो." माझ्या तर पोटात गोळाच आला. लेकाने मायेने आणलेल्या तेलाने आईचे काय झाले असते! फिटच्या काही गोळ्यांशीही या तेलाचे जमत नाही. यकृताचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते घेऊच नये.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि हृदय तपासले, कारण यांतल्या बिघाडानेही धडधडते. सगळे ठीक निघाले. मग त्यांनी विचारले, "झोप कधीपासून उडाली?" जाऊबाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "हे गेल्यापासून. रात्री यांचा खोकला ऐकू येत नाही ना, मग जाग येते."

दोन वर्षे आम्ही त्यांना "चहा कमी करा" सांगत होतो. हे मात्र कोणीच विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

आता त्या दर आठवड्याला समुपदेशनाला जातात. झोप पुरती आलेली नाही, पण चार तास सलग लागते. पुतण्या तेल आणणार नाही; रोज रात्री नऊला आईला फोन मात्र करतो.

तेव्हा बायांनो, असे तेल कोणी आणून दिले, तर चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. मन फारच घाबरे होत असेल आणि घरात बोलायची सोय नसेल, तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. आणि घरातली कोणी रात्री दोन वाजता दिवा लावून बसलेली दिसली, तर दिवा घालवून झोपायला सांगू नका. जवळ जाऊन बसा.