टोळी निघण्याआधी डॉक्टरांचा नंबर घ्या

दसरा झाला की बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्यांतल्या काहींचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल. हंगामाआधी एकदाचं उरकून घेऊ, म्हणून केलेलं. उचल घेतलेली असते, मागे राहणं परवडत नाही. टाके दाखवायची तारीख येते तेव्हा माणूस कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतो आणि त्याच्या जखमेची खबर कुणालाच नसते. म्हणून कळकळीची विनंती आहे: ऑपरेशन झालेला माणूस गावाबाहेर गेला तरी डॉक्टरांच्या संपर्कातून सुटू देऊ नका. मोबाईल आता प्रत्येक कोपीत आहे.

फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला देण्याची रीतसर मुभा डॉक्टरांना २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेली आहे. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा मोफत आहे. तरी ऑपरेशनमध्ये ज्यांनी हर्नियाची जाळी बसवली त्या सर्जनचा किंवा वॉर्डातल्या सिस्टरचा नंबर सगळ्यांत उपयोगाचा. सुट्टी मिळतानाच तो डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

पहिले दहा दिवस रोज एक फोटो पाठवा. कोपीच्या दारात, दिवसाच्या उजेडात, मोबाईल हातभर लांब धरून. टाक्यांची पूर्ण रेघ आणि भोवतालची चार बोटं कातडी दिसली पाहिजे. फ्लॅश लावू नका, त्यात लाली नीट दिसत नाही. सोबत लिहा किंवा बोलून पाठवा: ताप आहे का, लघवी-शौचाला होतंय का, दुखणं कालच्यापेक्षा वाढलं की उतरलं. फोटो बहुतेकदा जांघेचा असतो. तो डॉक्टरांनाच जाऊ द्या, टोळीच्या ग्रुपवर कधीच नको. सिझरच्या जागी हर्निया झालेल्या बायकांना संकोच वाटतो. त्यांनी सिस्टरचाच नंबर मागावा.

टाक्यांखाली मऊ फुगवटा आला की हर्निया परत आला असं वाटून माणूस हादरतो. पुष्कळदा ते नुसतं साठलेलं पाणी असतं आणि काही आठवड्यांत जिरतं. रोजचे फोटो समोर असले की डॉक्टरांना फरक कळतो. कुणाकडूनही सुई टोचून ते काढून घेऊ नका, जंतू थेट जाळीपर्यंत पोचतात.

मात्र फुगवटा कडक होऊन असह्य दुखू लागला, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, लघवी अडली, जखमेतून पू आला किंवा थंडी वाजून ताप चढला, तर फोटो काढत बसू नका. १०८ ला फोन करा, जवळचं रुग्णालय गाठा.

मुकादमांनो, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं हे ताज्या ऑपरेशनवर होणारं काम नाही. डॉक्टरांनी फोनवर चार-सहा आठवडे ओझं नको म्हणून सांगितलं, तर ते पाळा. तेवढे दिवस त्याला हिशेबाला बसवा, बैलांना वाढं घालू द्या. त्याची उचल बुडणार नाही, हेही त्याला स्पष्ट सांगा. त्या धाकानेच माणसं दुखणं लपवतात.

सर्जन मित्रांनो, पेशंटचा फोन येईल म्हणून थांबू नका. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तुमच्याकडून फोन जाऊ द्या.

आशाताईंनो, तुमच्या गावात गेल्या दीड महिन्यात कुणाकुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्यांची यादी याच आठवड्यात करा. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये डॉक्टरांचा नंबर टाकून द्या आणि तुमच्यासमोर एक फोटो पाठवायला लावा.