‘अपडेट करत राहा’ हे अर्धंच उत्तर

वर्डप्रेसवरची साइट हॅक झाली की एकच सल्ला ऐकायला मिळतो: प्लगइन वेळेवर अपडेट केलं असतं तर ही वेळ आली नसती. होस्टिंग कंपनी हेच सांगते आणि साइट बांधून देणाराही हेच सांगतो. सल्ल्यात खोट नाही. पण अपडेट पुरेसं असतं, म्हणून साइट फुटली तर तो मालकाचाच हलगर्जीपणा, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. तो साफ चुकीचा आहे. फाइल इन्क्लूजन आणि तिच्या भाऊबंद त्रुटींचा इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो.

वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीमध्ये एका फाइलमधून दुसरी ओढून घेण्यासाठी ‘इन्क्लूड’ आणि ‘रिक्वायर’ या आज्ञा आहेत. ओढलेल्या फाइलमध्ये जे पीएचपी असेल ते तिथल्या तिथे चालतं. कोणती फाइल ओढायची हे ठरवताना प्रोग्रामरने बाहेरून आलेला मजकूर, म्हणजे वेबपत्त्यातला एखादा भाग, कुकी किंवा विनंतीसोबतचं हेडर, न तपासता वापरला की ते ठरवण्याचा हक्क परक्या माणसाच्या हाती जातो. हीच फाइल इन्क्लूजनची त्रुटी. दोन टिंबं आणि तिरकी रेघ पुन्हा पुन्हा लिहून तो एकेक फोल्डर मागे सरकतो आणि हवी ती फाइल गाठतो. ती चालवता आली नाही, नुसती वाचता आली, तरी अनर्थ होतो. वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या एका फाइलमध्ये डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि लॉगिन कुकीच्या सुरक्षेसाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या सहसा उघड अक्षरांत लिहिलेल्या असतात.

स्लायडर रेव्होल्यूशनच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. मुखपृष्ठावर सरकती चित्रं दाखवणारं हे प्लगइन विकत घ्यावं लागायचं. चित्र दाखवण्यासाठी त्यात एक सोय होती. चित्राच्या नावाच्या जागी ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’चा रस्ता लिहिला की ही सोय ती फाइलही मुकाट्याने हातात ठेवायची. त्यासाठी लॉगिनची गरज नव्हती. निर्मात्यांनी फेब्रुवारी 2014 मध्ये 4.2 ही आवृत्ती काढून भोक बुजवलं, पण त्याचा बोभाटा केला नाही. सप्टेंबरमध्ये सुकुरी या सुरक्षा कंपनीने ते जाहीर केलं तेव्हा हल्ले सुरू झालेले होते. डिसेंबरमध्ये ‘सोकसोक’ नावाची लाट आली. हल्लेखोर याच प्लगइनच्या जुन्या आवृत्त्यांमधून आत शिरत होते, आणि गूगलने 11,000 हून अधिक डोमेन काळ्या यादीत टाकली.

फेब्रुवारीत पॅच निघाला आणि डिसेंबरमध्ये साइट फुटल्या. मधल्या दहा महिन्यांत हजारो मालक झोपा काढत होते का? मुळीच नाही. ते प्लगइन कित्येक विकाऊ थीमच्या पोटात बांधून दिलेलं होतं. मालकाने थीम विकत घेतली होती, स्लायडरचा परवाना त्याच्या नावावर नव्हता. त्यामुळे नवी आवृत्ती थीम विकणाऱ्याने थीममधून पाठवली तरच त्याच्यापर्यंत पोचणार होती. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर ‘अपडेट उपलब्ध’ अशी खूण उमटण्याचा प्रश्नच नव्हता. अशा माणसाला ‘अपडेट का केलं नाहीस’ असं विचारणं अन्यायाचं आहे. प्रश्न विचारायचा तर तो बांधून विकणाऱ्याला विचारायला हवा.

हा धडा तीन वर्षं आधीच मिळाला होता. चित्रांचा आकार बदलणारी टिमथम्ब ही छोटी स्क्रिप्ट असंख्य थीममध्ये होती. ऑगस्ट 2011 मध्ये मार्क मॉन्डर यांना स्वतःच्या साइटवर परक्या जाहिराती दिसल्या. माग काढत ते टिमथम्बपर्यंत पोचले. फ्लिकर, ब्लॉगर अशा मोजक्या ठिकाणांहूनच चित्रं आणायची, असा तिचा नियम होता. पण तपासणी फक्त एवढीच होती की पत्त्यात ते नाव कुठेतरी आहे ना. आपल्या डोमेनच्या पुढे ‘ब्लॉगर डॉट कॉम’ जोडलं की हल्लेखोराची फाइल कॅशे फोल्डरमध्ये येऊन बसे आणि तो ती ब्राउझरमधून चालवू शके. ज्या थीममध्ये ही स्क्रिप्ट होती ती वापरात नसली, नुसती सर्व्हरवर पडून असली, तरी धोका तेवढाच होता.

म्हणूनच ‘ते प्लगइन डीअॅक्टिव्हेट करून ठेवलंय’ हे उत्तर मान्य करता येत नाही. डीअॅक्टिव्हेट केल्याने वर्डप्रेस ते प्लगइन वापरत नाही, एवढंच. त्याच्या फाइली डिस्कवर राहतात आणि थेट पत्ता टाकून त्यांना हाक मारता येते.

‘आमची साइट लहान, तिच्यामागे कोण लागणार’ हा दावा तर विचारातही घेण्याजोगा नाही. अशा लाटेत साइट कुणी निवडत नाही. यंत्रं सरसकट हजारो पत्त्यांवर तीच विनंती पाठवतात.

जाणकारांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, फाइल इन्क्लूजन हा जुना रोग झाला. दुसऱ्या सर्व्हरवरची फाइल ओढण्याची मुभा पीएचपीने 5.2 आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवली आहे, तेव्हा आता भीती कसली? डिसेंबर 2023 मधलं बॅकअप मायग्रेशन या प्लगइनचं प्रकरण त्याचं उत्तर देतं. 90,000 हून अधिक साइटवर असलेल्या या प्लगइनची एक फाइल, आपल्याला पुढची फाइल कोणत्या फोल्डरमधून ओढायची आहे, ते विनंतीच्या हेडरमधून वाचत होती. हल्लेखोराला काही अपलोड करावं लागत नव्हतं, दुसऱ्या सर्व्हरचीही गरज नव्हती. मजकुराचं एन्कोडिंग बदलणारे फिल्टर पीएचपीतच असतात. त्यांची लांबच लांब साखळी जोडली की एकेक अक्षर तयार होत अखेर चालण्याजोगा कोड उभा राहतो. ती जुनी बंदी या साखळीला लागू होत नाही. निर्मात्यांनी 1.3.8 ही आवृत्ती तत्परतेने काढली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

हल्ला थेट त्या फाइलवर असल्यामुळे, वर्डप्रेस सुरू झाल्यावरच जागं होणारं फायरवॉल प्लगइन तिथे उपयोगाचं नसतं. अडवणूक त्याच्याही आधी, सर्व्हरवर व्हायला हवी. प्लगइनच्या फोल्डरमधल्या पीएचपी फाइलींना बाहेरून थेट हाक मारता येऊ नये. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालू नये. एका सर्व्हरवरच्या प्रत्येक साइटला वेगळा सिस्टिम युजर असावा, म्हणजे एक फुटली तर शेजारची वाचते. पहिल्या नियमाने काही प्लगइनची कामं अडतात, म्हणून तो आधी चाचणीच्या प्रतीवर लावून पाहावा आणि गरजेपुरता अपवाद ठेवावा.

सगळ्यात कळीचा उपाय मात्र असा, की साइट चालवणाऱ्या पीएचपीला साइटच्या कोडवर लिहिण्याचा अधिकारच नसावा. म्हणजे आत शिरलेला माणूस प्लगइनच्या फाइलींत मागचं दार बसवू शकत नाही. इथे नेहमीचा पूर्वपक्ष पुढे येतो: मग डॅशबोर्डवरून अपडेट कसं होणार? तसं होणार नाही, हे खरंच आहे. ते वेगळ्या युजरने, डब्ल्यूपी-सीएलआयसारख्या साधनाने, ठरलेल्या वेळी आपोआप करायचं. खटपट थोडी वाढते, पण ती होस्टिंग विकणाऱ्याने एकदा मांडून दिली तर मालकाला रोज निस्तरावी लागत नाही. हे काम त्याच्याकडून हक्काने मागायला हवं.

प्लगइन लिहिणाऱ्यांकडून अपेक्षा याहून साधी आहे. बाहेरून आलेला शब्द फाइलीच्या रस्त्यात कधीही मिसळायचा नाही. पाच साचे असतील तर पाच नावांची यादी कोडमध्येच ठेवायची आणि आलेला शब्द तिच्याशी तंतोतंत जुळला तरच पुढे जायचं. टिमथम्बमध्ये यादी होती, तंतोतंत जुळवणी नव्हती.

मालकाने थीम घेताना किंवा साइट बांधायला देताना लेखी विचारून घ्यावं: आत कोणती प्लगइन कोणत्या आवृत्तीची आहेत, त्यांचे परवाने कुणाच्या नावावर आहेत, आणि नवी आवृत्ती निघाली की ती किती दिवसांत साइटवर पोचवण्याची जबाबदारी कुणाची. शेवटच्या प्रश्नाला नाव आणि मुदत मिळाल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.