दुकान वाढवल्यानंतरचे ताट

भाईंदर पश्चिमेच्या पुष्कळ व्यापारी घरांत दिवस दोनदा मावळतो. आजी-आजोबांचा सूर्यास्तापूर्वी, चौविहाराचे पच्चक्खाण घेतल्यावर. उरलेल्या घराचा, दुकान वाढवून वडील परतल्यावर. नववी-दहावीतला मुलगा या दोन वेळापत्रकांच्या मध्ये सापडतो. संध्याकाळी आजीबरोबर तो जेवतो, मग क्लासला जातो आणि रात्री साडेदहाला वडिलांच्या ताटाशेजारी पुन्हा बसतो. समोरची पावभाजी ‘जैन’ असते, म्हणजे तीत बटाट्याऐवजी कच्चे केळे असते. लोणी मात्र तेवढेच असते. त्यानंतर मोबाईल, आणि सकाळी सातची शाळा. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येणारी नवकारशी त्याला वर्गातच गाठते. मधल्या सुट्टीत मग फरसाणाची पुडी रिकामी होते.

अंगावर चढलेल्या वजनाला घरात ‘खात्यापित्या घरचा’ असे कौतुकाचे नाव मिळते. दोष दिलाच, तर जिभेला दिला जातो. झोपेचा हिशेब कोणी मांडत नाही. तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तास झोप लागते; या मुलाला जेमतेम सहा मिळतात. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिले. दहा तासांच्या रात्रींशी तुलना करता तृप्ती कळवणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. ओढ वाढली तीही गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. प्रयोग लहान होता हे खरे. पण फरसाणाच्या पुडीचा थोडा उलगडा त्यातून होतो.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या झोपेचा विचार करून शाळा सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला, तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच. वास्तविक वयात येताना शरीराचे घड्याळ मागे सरकते, झोप उशिराच येऊ लागते. ज्यांना सवलतीची अधिक गरज, तेच बाहेर राहिले. रविवारी दुपारपर्यंत झोपून ही थकबाकी फिटत नाही. सोमवारची रात्र उलट आणखी लांबते.

पर्युषणात हाच मुलगा अठ्ठाईही करतो. घरच्यांना धन्यता वाटते, ते योग्यच. परंतु तप हे वजनाचे औषध नव्हे, आणि पारण्यानंतर साडेदहाचे ताट तसेच वाट पाहत असते.

ते ताट वडिलांचे आहे, हा यातला अवघड भाग. दुकान लवकर वाढवा, असे गिऱ्हाइकीच्या वेळी कोणाला सांगता येत नाही. मात्र चौविहाराचा डबा गादीवरच मागवून सूर्यास्ताआधी जेवणारे व्यापारी आहेत. त्यांच्या घरी रात्री दुसऱ्यांदा गॅस पेटवावा लागत नाही. वडील येतात, पाच मिनिटे बोलतात, दिवे मालवतात. मोबाईलचा तंटा तेवढा उरतो, आणि तो बहुतेक घरांत वडिलांच्याही हातात असतो.